धडधड मनाची की शरीराची?



२२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमरावती व अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागू झाली. अकोल्यातही निर्बंध कडक झाले. कोरोनाची दुसरी लाट वऱ्हाडाने अशी लवकर अनुभवली. लाट ओसरली, परंतु अनेक घरांत धास्ती मुक्कामास राहिली. घरातील सर्वांचा ताप मोजणारी गृहिणी स्वतःच्या छातीतील धडधड कोणाजवळ बोलत नाही. रात्री उठून गुपचूप बोटाला ऑक्सिमीटर लावते.

या धडधडीत घडते काय? भीतीने श्वास जलद होतो व रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोके हलके वाटते. ऑक्सिमीटर मात्र ९७-९८ दाखवितो. आकडा पाहून क्षणभर हायसे वाटते. थोड्याच वेळात शंका परतते व पुन्हा मोजावेसे वाटते. वारंवार मोजण्यानेच धास्ती पोसली जाते. म्हणून प्रकृती ठीक असताना ते यंत्र कपाटात ठेवावे. धडधड सुरू झाल्यास बसून नाकाने सावकाश श्वास घ्यावा व त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. भीतीचा झटका बहुधा अर्ध्या तासात ओसरतो.

तथापि, ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य म्हणजे तपासणी नव्हे. पंडुरोगात व थायरॉइडच्या विकारातही धडधड होते. रजोनिवृत्तीच्या काळातही होते. स्त्रियांचा हृदयविकार कधी केवळ धाप, मळमळ किंवा जबडा-पाठीचे दुखणे या रूपाने येतो. म्हणून रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड व ईसीजी एकदा अवश्य तपासून घ्यावे. सर्व निर्दोष आल्यास त्याच तपासण्या पुनःपुन्हा करू नयेत. मात्र छातीवर दाब, घाम, भोवळ किंवा वाढती धाप असल्यास भीतीचा झटका समजून घरी थांबू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कामात मन रमेनासे झाले, तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच नसावा. जगणे नकोसे वाटू लागल्यास एक दिवसही थांबू नये. टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

घरच्या मंडळींनीही एवढे करावे: तिने सांगितलेले न हसता ऐकावे, आणि तपासणीला तिच्यासोबत जावे.