नमुना ८ मधला आपला वारसा

दुसरबीडकरांनो अन् तालुक्यातल्या मित्रांनो, पोस्ट लांब आहे, पण वाचा.

१२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जातो, लखुजीराजांच्या वाड्यात जिजाऊंच्या जन्मस्थळी डोकं टेकवतो. जायलाच पाहिजे. जून २०२४ मध्ये लखुजीराजांच्या समाधीजवळ शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली, तेव्हा ती इथून हलवू नका म्हणून लोक उभे राहिले. मेहकरला १८८८ साली बालाजीची मूर्ती निघाली, तर इंग्रज ती नेतील या धास्तीने लोकांनी घाईने प्रतिष्ठापना उरकली, असं आजही सांगतात. म्हणजे आपल्याला वारशाची कदर नाही, असं कुणी म्हणू नये.

माझा प्रश्न वेगळा आहे. ही कदर राजाच्या वाड्यापाशी अन् देवाच्या मूर्तीपाशीच का थांबते?

आपल्या गावागावांत जुने वाडे आहेत, धाब्याची घरं आहेत. हातभर जाड भिंती, वर पांढरी माती, सागाचे खांब, भिंतीतल्या देवळ्या, धान्याचं बळद. मे महिन्यात बाहेर अंग भाजत असताना आत गारवा. एखादी भिंत खचली की जुन्या सागवानाचा व्यापारी दारात हजर. खांब, तुळया, कोरीव चौकट, सगळं उक्तं ठरतं अन् ट्रकमध्ये चढतं. पुढे तीच चौकट शहरातल्या हॉटेलात शोभेला लागते. आपण तिथं पैसे मोजून जेवतो अन् तिच्यापुढे सेल्फी काढतो!

कायदा काय करतो? १९५८ चा पुरातत्त्व कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकांपुरता. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे. गावाला काय? ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्यात घराच्या वयाचा हिशेब आहे, पण तो घसारा काढायला! घर जितकं जुनं तितकी त्याची किंमत कमी. सरकारी कागदावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या घराची एवढीच नोंद.

घरकुल योजनेचंही तेच. नवीन घराला केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार मिळतात, पण जुनं चांगलं घर दुरुस्त करायला त्यातून छदाम नाही. घरकुलाला माझा विरोध नाही. गळक्या धाब्याखाली पावसाळा काढणाऱ्याला वारशाचं प्रवचन देणारा मी कोण? पण ज्याला जुनं घर टिकवायचंय, त्याला दुरुस्तीला मदत का नको?

काही जण म्हणतील, ज्या वाड्यांनी गरिबाला पिळलं त्यांचं कसलं कौतुक? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की तो वाडा मालकाने बांधला नाही. दगड फोडला वडाराने, भिंत रचली गवंड्याने, चौकट कोरली सुताराने. त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांच्या हाताचं काम तेवढं उरलंय, अन् आपण तेच किलोवर विकतोय.

मागणी साधी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावातल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. मग घरांची का नको? शंभर वर्षांवरची घरं, वेशी, बारवा, पार यांची मालकाच्या संमतीने नोंद करा. फोटो काढा, मापं घ्या, म्हाताऱ्यांकडून बांधणीची माहिती लिहून घ्या. हाती मोबाईल आहेत, शाळेत पोरं आहेत. निधीची वाट बघायची गरज नाही. सोबत एक ठराव शासनाकडे पाठवा, की अशा घरांना दुरुस्तीसाठी अनुदान अन् घरपट्टीत सूट द्या.

समृद्धी महामार्ग झाला, गाड्या आता बाहेरूनच जातात. कुणी तालुक्यात वळावं असं वाटत असेल, तर गावात बघण्यासारखं काही उरलेलं पाहिजे.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. सूचक मी आहे. अनुमोदक कोण, ते बोला.