पिस्तुलाचा परवाना : गरजेसाठी की मिरवण्यासाठी?

ग्वाल्हेर-चंबळ भागात लग्नाच्या वरातीत वडीलधाऱ्यांच्या खांद्याला बंदूक आणि तरुणांच्या कमरेला पिस्तूल दिसले तर कोणाला नवल वाटत नाही. बीहडातल्या डाकूंच्या काळात शस्त्र बाळगण्याला कारण होते. तो काळ सरला, परवान्याची हौस मात्र सरली नाही. आता आपल्या मराठी घरांतूनही ‘एक लायसन्स करून ठेवावे’ अशी भाषा ऐकू येते आणि त्यासाठी पुढाऱ्यांकडे शिफारशीच्या चिठ्ठ्या मागितल्या जातात. म्हणून या विषयावर आम्ही स्पष्ट लिहीत आहोत.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अर्जदाराकडे शस्त्र घेण्यास योग्य कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे निकष श्रीमंतीचा नाही, गरजेचा आहे. अमेरिकेत याच्या उलट आहे. न्यूयॉर्क राज्यात अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्यासाठी खास कारण दाखवावे लागे. ती अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केली, आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत यासाठी परवानाही लागत नाही. तेथे तो राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे ती कारण दाखवून मिळणारी परवानगी आहे, आणि आमच्या मते तेच योग्य आहे.

पण आपल्या भागात या परवानगीचे काय झाले? २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची टूम निघाली. २०१९ साली ग्वाल्हेरात अर्जदाराने दहा झाडे लावून त्यांच्यासोबतचा फोटो द्यावा, असे फर्मान निघाले; त्याच वर्षी पुढे गोशाळेला दहा ब्लँकेटे देण्याची अट आली. कुटुंबनियोजन, वृक्षारोपण, गोसेवा ही कामे चांगलीच आहेत. पण आम्ही बँकेतली माणसे कर्ज देताना फेडण्याची ऐपत पाहतो. अर्जदाराने देवळाला देणगी दिली म्हणून कर्ज मंजूर करीत नाही. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याला दहा ब्लँकेटांसाठी का थांबवायचे? आणि ज्याला धोका नाही, त्याच्या अर्जाला ब्लँकेटे दिल्याने कारण कोठून येणार?

निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. बँकेच्या पहारेकऱ्याची बंदूक सहसा यातून वगळली जाते, कारण तिची गरज उघड असते. बाकीचे बहुतेक परवानाधारक मुकाट्याने रांगेत उभे राहून शस्त्र जमा करतात आणि निकालानंतर परत आणतात. तेवढे दिवस जिवाचा धोका रजेवर जातो काय? या एका प्रश्नात बऱ्याच परवान्यांचे खरे कारण उघडे पडते. ते कारण म्हणजे रुबाब.

रुबाबासाठी घेतलेले शस्त्र झाकून राहत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि बंदूक आच्छादनात असली पाहिजे, आणि सार्वजनिक जागी शस्त्र परजण्यास सक्त मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नकार्यात किंवा समारंभात आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. तरी आपल्या भागातील वरातींत ‘हर्ष फायर’ होतच असतात.

जुन्या घराण्यांसाठी एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. पणजोबांची बंदूक माळ्यावर आहे, असे कौतुकाने सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण परवाना माणसाच्या नावावर असतो, घराण्याच्या नव्हे. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. २०१९ पासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि वारसाने आलेली शस्त्रेही त्यात धरली जातात. विनापरवाना बंदूक सापडल्यास दोन ते पाच वर्षांची कैद आहे. आठवणीची वस्तू म्हणून ठेवलेली बंदूक उद्या नातवाला कोर्टात उभे करू शकते.

प्रशासनाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. परवान्याला कायद्याबाहेरची कोणतीही अट जोडू नये. आणि दरवर्षी किती परवाने कोणत्या कारणासाठी दिले, याची नावे वगळून यादी प्रसिद्ध करावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, कोणत्याही पक्षाचा असो, या दोन मागण्यांवर त्याचे मत विचारावे.

समाजाकडे एकच मागणे आहे. शिफारशीची चिठ्ठी कोणी मागू नये, आणि मंडळाच्या कार्यक्रमांच्या व घरच्या लग्नांच्या पत्रिकेत आहेराच्या सूचनेखाली आणखी एक ओळ छापावी : ‘कृपया शस्त्र आणू नये.’