ढेकणापेक्षा औषध भयंकर

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे कोकण, महाबळेश्वर, गोवा, कुलदैवताचे दर्शन आणि मधूनच एखादे लग्न. परतीच्या बॅगेत आंबे, काजू, प्रसाद असतो. कधी कधी न बोलावता आलेला ढेकूणही असतो. पुढच्या काही आठवड्यांत अंगावर खाजरे चट्टे उठू लागतात. दोष आधी डासांना दिला जातो, मग उष्णतेला, मग बाहेरच्या खाण्याला. बाह्यरुग्ण विभागात ‘घरात ढेकूण झालेत का?’ असे विचारले की रुग्ण ओशाळतो किंवा चिडतो. ‘डॉक्टर, आमच्याकडे रोज केर-फरशी होते,’ हे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. माझ्या मते खरी अडचण या उत्तरातच आहे. ढेकूण हा अस्वच्छतेचा पुरावा मानला जातो, म्हणून तो लपवला जातो. आणि गुपचूप केलेले उपाय कधी कधी जिवावर बेततात.

ढेकणाला घाण लागत नाही, रक्त लागते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो रात्री बाहेर पडतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि पुन्हा फटीत शिरतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. उवेसारखा तो केसांत किंवा अंगावर मुक्काम करत नाही. त्यामुळे गावोगाव फिरायला त्याला आपले सामानच लागते. पूर्ण वाढलेला ढेकूण ५ ते ७ मिलिमीटरचा, म्हणजे सफरचंदाच्या बीएवढा; अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे. मीलन झालेली एकच मादी बॅगेतून आली तरी घरात वसाहत उभी राहू शकते, कारण ती आयुष्यात दोनशेच्या वर अंडी घालू शकते. उपाशीपोटीही ढेकूण अनेक आठवडे आणि थंड हवेत कित्येक महिने तग धरतो. खोली थोडे दिवस बंद ठेवून तो संपत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीमुळे श्रीमंत देशांतून ढेकूण जवळजवळ नाहीसा झाला होता. आपल्याकडून तो कधीच पुरता गेला नाही. पण काही वर्षांतच त्याने डीडीटीला दाद देणे बंद केले आणि आता घरगुती स्प्रेमधल्या पायरेथ्रॉइड औषधांनाही तो अनेक ठिकाणी दाद देत नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकआधी, २०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांवरून केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा ढेकूण घरात सापडला म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही.

तो घरी येऊ नये यासाठी मात्र दहा मिनिटे खर्च करावीत. लॉज असो, होमस्टे असो, भक्तनिवास असो की तारांकित हॉटेल, खोलीत शिरल्यावर बॅग पलंगावर टाकू नका. आधी ती बाथरूममध्ये, कोरड्या फरशीवर ठेवा. मग चादर कोपऱ्यातून उचला आणि मोबाइलच्या टॉर्चने गादीच्या शिवणी, पलंगाच्या डोक्याकडची फळी, लाकडाचे सांधे आणि स्क्रूची भोके पाहा. शाईचे पेन टेकवल्यासारखे काळे ठिपके, चादरीवर तांबूस डाग, कात टाकल्याची फिकट सालपटे किंवा जिवंत ढेकूण दिसला तर खोली बदलून मागा. शेजारची, वरची किंवा खालची खोली घेऊ नका. भिंतीतल्या फटींतून आणि वायरिंगच्या नळ्यांतून तो तिथेही पोहोचलेला असू शकतो. मंगल कार्यालयात भाड्याच्या गाद्यांच्या ढिगावर आपल्या बॅगा रचू नयेत. स्लीपर बसमध्येही पांघरूण आणि कपड्यांची बॅग एकत्र कोंबू नये.

घरी आल्यावर बॅग थेट बेडरूममध्ये नेऊ नका. गॅलरीत किंवा बाथरूममध्ये उघडा. सगळे कपडे, न वापरलेले देखील, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून धुण्याच्या जागी न्या. ५० अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी फार वेळ टिकत नाहीत. म्हणून कापडाला सोसत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. जे धुता येत नाही त्यावर, विशेषतः शिवणींवर, कडक इस्त्री फिरवा. रिकाम्या बॅगेच्या कडा आणि चेन ब्रशने झाडून ती मोठ्या पिशवीत बांधून ठेवा. गादी उन्हात टाकायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, पण ती एकटी पुरत नाही. ऊन चढले की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो.

चावल्याचे काय? ढेकणामुळे माणसामाणसांत एखादा रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही, ही दिलाशाची गोष्ट. त्रास असतो तो खाज, जागरण आणि खाजवून झालेल्या जखमा पिकण्याचा. चट्टे बहुधा उघड्या भागावर, ओळीने किंवा झुपक्याने येतात. काहींना ते चावल्यानंतर बऱ्याच दिवसांनी दिसतात, काहींना दिसतच नाहीत. म्हणून एका पलंगावरच्या दोघांपैकी एकालाच त्रास होतो आणि ढेकणाची शंका मागे पडते. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल आणि घरातले सगळेच रात्री खाजवत असतील, तर ती खरूज असू शकते. तिचे उपचार वेगळे आहेत. साबण-पाण्याने धुणे, थंड पट्टी आणि कॅलामाइन लोशन यांनी बहुतेकांना आराम पडतो. औषधाच्या दुकानातून मनाने स्टेरॉइडचे मलम आणून महिनोन्महिने चोळू नये.

मला सर्वात जास्त भीती वाटते ती घरगुती उपायांची. पलंगाच्या सांध्यांत रॉकेल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. गादीवर शेतातले कीटकनाशक फवारून रात्री त्यावरच झोपणे हे तितकेच घातक. आणि या सगळ्यांहून घातक म्हणजे धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या किंवा पावडर घरात ठेवणे. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. बंद फ्लॅटमध्ये, एसी लावून झोपलेल्या कुटुंबाला तो झोपेतच गाठू शकतो. फटींतून शेजारच्या घरातही जाऊ शकतो. आधी मळमळ आणि उलट्या, मग छातीत जडपणा, धाप, रक्तदाब कोसळणे असा क्रम असतो. या विषावर उतारा नाही. आम्ही केवळ शरीराला आधार देत राहतो. लहान मुले आधी दगावतात.

अशा वेळी घरातल्या सगळ्यांना एकदम उलट्या होतात आणि नातेवाईक ‘बाहेरचे काही खाल्ले’ असे सांगतात. विषबाधा अन्नातली समजली जाते आणि सलाइन लावून घरी, पुन्हा त्याच खोलीत पाठवले जाते. तेव्हा घरात कोणतेही कीटकनाशक वापरले असेल आणि कुणाला मळमळ, चक्कर किंवा धाप जाणवली तर सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत यावे, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना न विचारताच सांगावे की घरात अमुक औषध टाकले होते. ते एक वाक्य सांगायला लाज वाटली, तर जीव जाऊ शकतो. पंचतंत्रातल्या गोष्टीत राजाला चावून ढेकूण फटीत पळतो आणि मारली जाते बिचारी ऊ. चावणारा एक, जीव दुसऱ्याचाच जातो.

ढेकूण झालेच तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. कोणते औषध वापरणार आणि किती तासांनी घरात यायचे, हे लिहून घ्या. अंड्यांवर औषध बहुधा चालत नाही, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. ‘एकदाच गोळ्या ठेवतो, काम फत्ते’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शेजाऱ्यांना आणि सोसायटीलाही सांगा, कारण एकाच फ्लॅटमध्ये औषध मारून ढेकूण नुसता बिऱ्हाड बदलतो. लॉजमालकांनीही तक्रार करणाऱ्या पाहुण्यावर डाफरण्यापेक्षा त्याचे आभार मानावेत आणि ती खोली बंद करून नीट उपचार होईपर्यंत कुणाला देऊ नये. पाहुण्यांनीही गुपचूप निघून न जाता काउंटरवर स्पष्ट सांगावे. त्याच गादीवर उद्या दुसऱ्या कुणाचे मूल झोपणार असते.