कढईपुढचा तास

असरची नमाज झाली की रोजेदार घरात कढई चढते. भजी, समोसे, कटलेट, एकापाठोपाठ एक घाणे निघत राहतात. मगरिबची अजान होईपर्यंत कढईपुढून हलायची सोय नसते. तिथे उभी असते ती बहुतेक घरांत बाईच. तिचाही रोजा असतो, आणि पहाटे सहेरीसाठी सर्वांत आधी उठलेलीही तीच असते.

रोजा सोडण्यापूर्वीची वेळ ही दुआ कबूल होण्याची वेळ मानली जाते. घरातले पुरुष आणि मुले दस्तरखानावर हात उचलून बसतात, तेव्हा ती शेवटचा घाणा काढत असते. दिवसभर ज्या घटकेची वाट पाहिली, ती तिच्या वाट्याला तेलाच्या धुरात येते. इफ्तारच्या पदार्थांची चर्चा खूप होते. ते करायला लागणाऱ्या या तासाची मात्र होत नाही.

म्हणून भाज्यांच्या आणि चीजच्या दाट सुपाची बाजू घ्यायला हवी. चार माणसांसाठी पाव किलो लाल भोपळा, एक गाजर, एक बटाटा, एक कांदा आणि चार-पाच लसूण पाकळ्या चमचाभर लोण्यावर परतायच्या. तीन कप पाणी घालून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्यायच्या आणि पूर्ण निवल्यावर मिक्सरमधून काढायचे. गरम असताना मिक्सर लावला तर वाफेने झाकण उडते आणि हात भाजतो. दाटपणा बटाट्यामुळे येतो. मैदा किंवा साय लागत नाही. एवढे काम दुपारीच उरकते. अजानच्या दहा मिनिटे आधी अर्धा कप दूध घालून गरम करायचे, गॅस बंद करायचा आणि मग दोन क्यूब चीज किसून ढवळायचे. उकळत्या सुपात चीज टाकले तर त्याचा गोळा होतो. रोज्यात चव घेऊन पाहणे सहसा टाळले जाते आणि चीज मुळातच खारट असते, म्हणून मीठ हात राखूनच घालावे. रक्तदाब असलेल्यांच्या वाटीत चीज नावापुरतेच असावे.

‘सूप हे काय इफ्तारचे खाणे?’ असा प्रश्न येईलच. पण मोरोक्कोत इफ्तारला हरीरा लागतो, तुर्कस्तानात मसुरीचे सूप असते आणि तामिळनाडूतल्या मशिदींत तांदूळ-डाळीची नोंबू कंजी वाटली जाते. खजूर आणि पाण्याने रोजा सोडल्यावर रिकाम्या पोटाला पातळ, कोमट काही द्यावे, हे शहाणपण जुनेच आहे. मिक्सर तेवढा नवा. तळणावर ताव मारून तरावीहला जांभया देणाऱ्यांनीही हे आठवून पाहावे.

शेजाऱ्यांकडे इफ्तारचे ताट पाठवण्याची रीत आपल्या गावांत अजून टिकून आहे. शाकाहारी घरी बहुधा फळेच जातात. पाकिटावर हिरवी खूण असलेले चीज वापरले आणि सुपात मटणाचे पाणी घातले नाही, तर तीच वाटी शेजारच्या काकूंनाही पाठवता येते. मात्र आत काय आहे ते आधी सांगावे आणि कांदा-लसूण चालतो का तेही विचारावे. विश्वास टिकतो तो असल्या लहान गोष्टींवर.

भज्यांवर बंदी घाला, असे कोणी म्हणत नाही. मुलांचा हट्ट असतो, पाहुणे येतात, जुम्म्याला किंवा रविवारी कढई चढावी. पण तीसही दिवस ती चढलीच पाहिजे, नाहीतर दस्तरखान उघडा दिसतो, ही समजूत सोडायला हवी. उलट सुपाची भाजी चिरणे आणि मिक्सर फिरवणे ही अशी कामे आहेत, की स्वयंपाक न येणारा मुलगा किंवा नवराही ती करू शकतो. ‘मला काय येतं?’ ही सबब इथे चालणार नाही.

इफ्तारच्या ताटात दोन पदार्थ कमी झाल्याने बरकत कमी होत नाही. अजान होईल तेव्हा दस्तरखानावर घरातले सगळे बसलेले असावेत. सगळे म्हणजे तीसुद्धा.