ब्रेक कुणाच्या भरवशावर?

परवाचीच गोष्ट. बाबांची जुनी फियाट काढून आईला मावशीकडे नेत होते. १९६७ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी. उतारावर सिग्नल लागला, ब्रेक दाबून थांबले. आणि पाय तसाच असताना पेडल हळूहळू खाली जायला लागलं, चिखलात पाय रुतावा तसं. गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकली. चटकन हँडब्रेक ओढला, पेडल दोन-चारदा मारलं, तेव्हा थांबली. आई म्हणाली, ‘‘काय गं, झोप लागली का तुला?’’

हसून वेळ मारून नेली, पण हात थरथरत होते.

गॅरेजमध्ये गेले तर पहिला प्रश्न, ‘‘साहेब नाही आले?’’ म्हटलं, ‘‘साहेबांना गाडी चालवता येत नाही. जे काय असेल ते मला सांगा.’’ मग कळलं, मास्टर सिलिंडर गेलाय. आपण पायाने लावलेला जोर ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोचवणारा हा पंप. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तर दुसरा तारतो. आमच्या फियाटमध्ये चारी चाकांसाठी एकच. तो गेला, की पायाखाली काही नाही.

घरी यावर परिषदच भरली. दादा म्हणाला, ‘‘बाबांची गाडी आहे, ओरिजिनल वस्तू काढायची नाही. नुसते रबरी वॉशर बदल.’’ मेकॅनिक म्हणत होता, ‘‘ताई, कशाला जुनं उगाळता? मिळेल तो नवा टाकून देतो.’’ मला दोघांचंही पटेना. म्हटलं, आधी उघडून तर दाखवा.

उघडला तेव्हा आत गंजाचे खड्डे होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि गाडी उभी राहिली, की तो ओलावा आतून लोखंड खातो. अशा खडबडीत नळीत नवे वॉशर घातले तर ते किती दिवस टिकणार? पॉलिश करून, म्हणजे होनिंग करून, हलका गंज निघतो. पण खड्डे खोल असले आणि घासतच राहिलं, तर नळी रुंद होते, वॉशर घट्ट बसत नाही. दादाची माया इथे उपयोगाची नाही. आणि ‘मिळेल तो नवा’ म्हणजे तरी काय? वर्षानुवर्षं दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या सुट्या भागाचं रबरही म्हातारं होतंच की!

शेवटी एका लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी नळी थोडी मोठी कातली, आत पितळेची स्लीव्ह बसवली आणि पुन्हा मूळ मापाला आणली. बाहेरून बाबांचाच सिलिंडर, आतून नवा. एक सुईच्या टोकाएवढं भोक दाखवून म्हणाले, ‘‘हे स्लीव्हखाली झाकलं जातं, ते परत पाडावं लागतं. विसरलात तर ब्रेक लागेल, पण सुटणार नाही.’’ त्या भोकाची आतली कडसुद्धा गुळगुळीत करायची, नाहीतर ती वॉशर कापते. वॉशर धुवायला पेट्रोल नाही, रॉकेल नाही, कारण त्याने रबर फुगतं. नाव ‘ब्रेक ऑइल’ असलं तरी यात साधं इंजिन ऑइल चुकूनही घालायचं नाही, तेही त्याच कारणासाठी.

मला म्हणायचंय ते एवढंच. जुनं जपणं म्हणजे जुनं तसंच ठेवणं नव्हे. रंग, गाद्या, चकचकीत पट्ट्या यांत ओरिजिनलचा हट्ट जरूर धरा. ब्रेकमध्ये हट्ट एकच, काम चोख हवं. जे दुरुस्त होऊ शकतं ते नीट दुरुस्त करा. बॉडीलाच तडा गेला असेल, तर मन घट्ट करून बदला. आठवणी जपायला कपाट असतं. ब्रेकवर माणसं बसलेली असतात, आपली आणि रस्त्यावरचीही.

दुसरं, अशा हातांची कदर करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्या टॅक्स्यांच्या कामावर किती कारागिरांची चूल पेटत असेल! आता असं काम येतं ते क्वचित. मजुरीत घासाघीस करताना हे आठवावं.

आणि मैत्रिणींनो, गाडी जुनी असो की नवी, गॅरेजमध्ये ‘साहेबांना विचारून सांगते’ म्हणू नका. काढलेला भाग बघायला मागा. ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा. साधारण दोन वर्षांनी बदलावंच. गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. खाली जातंय असं वाटलं, तर किल्ली परत खुंटीला.

सिलिंडर बसवून, हवा काढून आठ दिवस झाले. रविवारी त्याच सिग्नलला थांबले. पेडल जागचं हललं नाही. आईने तिरक्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आज जागी दिसतेस. मग मी झोपू का जरा?’’