बागप्रेमी पाहुणे आणि गोरेगावचे शिवार

शहरांतून बागकामाची आवड वाढीस लागली आहे. गच्चीवर व सज्जात कुंड्या मांडून भाजीपाला पिकविणारी मंडळी आता मोठ्या शहरांपुरती उरली नसून हिंगोली, परभणी, नांदेड येथेही ती आढळतात. अशा मंडळींस एखादा दिवस शेतावर घालवावा, पीक कसे वाढते ते पाहावे, असे वाटणे स्वाभाविक होय. तेव्हा सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावाने त्यांचे यजमानपद पत्करावे काय, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. आमच्या मते ते अवश्य पत्करावे. मात्र त्यात शेती पुढे व पाहुणचार मागे, हा क्रम कधीही उलटू देऊ नये.

पाहुण्यांस शेतावर नेण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत वेळ अमावास्येला सारी गावे शेतात लोटतात व भज्जी-आंबिलीला पाहुण्यांस आग्रहाने बोलावणे जाते. ज्वारी हुरड्यात आली की सोयरेधायरे शिवारात जमतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी तर सर्वपरिचित आहे. बागप्रेमींची सहल ही याच रीतीची पुढची पायरी समजावी.

काहींची अशी समजूत असते की, शहरातील माणसास झोपाळे, कारंजी व सजविलेली बैलगाडी दाखविली पाहिजे. ही समजूत बागप्रेमींच्या बाबतीत तरी खरी नाही. ज्याने स्वतः कुंडीत माती कालविली आहे, तो माती पाहण्यासच येतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी जपलेले देशी वाणांचे बियाणे पाहण्यास लोक दुरून जातात. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती बियाण्यासाठी, शोभेसाठी नव्हे.

हिंगोली जिल्ह्याकडे दाखविण्यासारखे पीक आहे ते हळदीचे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा दांडा पावसाळा सरता सरता पानांच्या आडोशास फुलतो. हे फूल पुष्कळ शहरवासीयांनी कधी पाहिलेले नसते. जानेवारीपासून मार्चपर्यंत काढणी, शिजविणे, वाळविणे व पॉलिश ही कामे चालतात. शंभर किलो ओल्या हळदीपासून सुमारे वीस किलोच वाळलेली हळद हाती येते, हे डोळ्यांनी पाहिलेला पाहुणा बाजारातील भावाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागेल. पीक कोठे बसले असेल, कंदकुजीने वाफे गेले असतील, तर तेही झाकू नये. खरी शेती दाखविण्यात कमीपणा नाही.

आता मोबदल्याविषयी. पाहुण्यांकडून पैसे घेणे अनेकांस संकोचाचे वाटते. परंतु पंचवीस माणसांच्या भाकरी कोण थापते, पाणी कोण भरते व भांडी कोण घासते, याचा विचार करावा. हा भार घरातील स्त्रीवर पडतो, आणि काढणीच्या दिवसांत तिचा तो दिवस शेतातील मजुरीचाही असतो. घरधन्याने आदरातिथ्याचे श्रेय घ्यावे व श्रम मात्र तिने सोसावे, हा न्याय नव्हे. इंग्लंडमध्ये १९२७ साली सहाशेहून अधिक खाजगी बागा लोकांस पाहण्यासाठी उघडल्या गेल्या, तेव्हा माणशी एक शिलिंग घेतले जाई व ती रक्कम परिचारिकांच्या कार्यासाठी दिली जाई. त्या बागमालकांस पैसे घेण्यात उणेपणा वाटला नाही. यास्तव दर आगाऊ सांगावा, जेवणाचे काम महिला बचत गटाकडे सोपवावे आणि त्याचा पैसा गटाच्याच खात्यात जमा करावा.

मात्र या प्राप्तीच्या भरवशावर कोणीही कर्ज काढून खोल्या बांधू नयेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. ज्यांस हा व्यवसाय नियमितपणे करावयाचा असेल त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. परंतु वर्षातून दोन-चार सहलींसाठी झाडाची सावली, स्वच्छ पाणी व स्वच्छ शौचालय एवढे पुरेसे आहे. इटलीने १९८५ साली या विषयाचा कायदा केला, त्यातही शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, असे बंधन घातले होते. ते आपणही ध्यानी ठेवावे.

शेताच्या व पाहुण्यांच्या सुरक्षिततेकडे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जातीने लक्ष पुरवावे. कंदकूज ही माती, पाणी व बेणे यांच्याद्वारे पसरते. म्हणून एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना पादत्राणे धुवावीत व रोगट प्लॉटमध्ये शेवटी जावे. कुंडीसाठी बेणे मागणाऱ्यास निरोगी गड्डाच द्यावा. औषध फवारलेल्या शेतात पाहुण्यांस नेऊ नये व औषधांचे डबे कुलुपात ठेवावेत. कठडा नसलेल्या विहिरीजवळ माणूस उभा करावा. सर्पदंशावरील लस कोणत्या दवाखान्यात मिळते, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

सहलींनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न सुटणार आहे काय, असे कोणी विचारील. तो सुटणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊही नये. परंतु ज्या घरी आपण जेवलो त्या घरची हळद वर्षभर घ्यावी, असे दहा कुटुंबांनी ठरविले, तरी त्या घराचा काही माल मधल्या हातांवाचून विकला जाईल. मात्र हळदपूड विकावयाची असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी.

गोरेगावच्या शेतकरी बंधुभगिनींनी आरंभी एकच सहल, एकाच शेतावर, पंचवीस पाहुण्यांपुरती योजावी. दुसऱ्या दिवशी खर्च, प्राप्ती व खोळंबलेले काम यांचा हिशेब मांडावा, आणि तो मांडताना स्वयंपाक करणाऱ्या भगिनींस प्रथम बोलू द्यावे. त्यांना परवडले असेल तरच दुसऱ्या सहलीचे निमंत्रण पाठवावे.