शस्त्राआधी शिष्टाई

युद्ध पुकारण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या राज्यघटनेने निःसंदिग्ध शब्दांत दिले आहे. तो अधिकार अध्यक्षांचा नव्हे, काँग्रेसचा आहे. असे असता २२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या विमानांनी इराणमधील फोर्दो, नतान्झ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर हल्ले केले, ते काँग्रेसची संमती न घेताच. पाच दिवसांनी अध्यक्षांना आवर घालणारा ठराव सिनेटपुढे आला आणि ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळला गेला. आपल्याच हातचा अधिकार लोकप्रतिनिधींनी असा आपण होऊन सोडून द्यावा, ही गोष्ट आम्हांला बाँबच्या आवाजाइतकीच चिंताजनक वाटते.

इराणच्या अणुकार्यक्रमाला शिष्टाईने आवर घालता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी १४ जुलै २०१५ चा व्हिएन्ना करार आठवून पाहावा. त्या करारान्वये युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि त्याचा साठा ३०० किलोग्रॅमवर रोखला गेला. दोन तृतीयांश यंत्रे बंद झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना केंद्रांची दारे उघडली गेली. इराण अटी पाळीत असल्याचा निर्वाळा ही संस्था वारंवार देत होती. तरीही ८ मे २०१८ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढले. पुढे काय झाले? २०१९ पासून इराणने एकेक बंधन झुगारण्यास आरंभ केला, एप्रिल २०२१ मध्ये समृद्धीकरण ६० टक्क्यांवर नेले, आणि जून २०२५ च्या हल्ल्यांपूर्वी अशा युरेनियमचा साठा ४४० किलोग्रॅमच्या घरात गेल्याचा संस्थेचा अंदाज होता. करार होता तेव्हा धोका मोजता येत होता व आटोक्यातही होता. करार मोडला तेव्हा तो वाढला.

मग बाँबने तरी काय साधले? इमारती कोसळल्या, यंत्रे मोडली, माणसे मेली. परंतु शास्त्रज्ञांनी कमावलेली विद्या बाँबने नष्ट होत नाही. उलट, इराणने निरीक्षकांशी सहकार्य स्थगित केले आणि त्या साठ्याची पडताळणी पुढे कित्येक महिने होऊ शकली नाही. जे काल डोळ्यांसमोर होते ते आज अंधारात गेले, याला सुरक्षितता म्हणावयाचे काय?

इराणचे राज्यकर्ते साधुपुरुष आहेत, असा आमचा मुळीच दावा नाही. नतान्झचे केंद्र २००२ मध्ये आणि फोर्दोचे २००९ मध्ये जगापुढे आले, ते इराणने आपण होऊन वेळेवर सांगितले म्हणून नव्हे. पण ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशीच लेखी करार करावा लागतो आणि त्याच्याच दारी निरीक्षक बसवावा लागतो. मित्राच्या घरी पहारा कोणी ठेवीत नाही. कराराची काही बंधने मुदतीची होती, हा आक्षेप खरा आहे. मात्र मुदत सरत आली की ती वाढविण्यासाठी बोलणी करावयाची असतात. दहा-पंधरा वर्षांनी येणाऱ्या संकटाला आजच घरी बोलावणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

२००२ च्या ऑक्टोबरात याच काँग्रेसने इराकवरील युद्धाला मोठ्या बहुमताने संमती दिली होती. मार्च २००३ मध्ये निरीक्षकांचे काम अपुरे ठेवून युद्ध सुरू झाले, आणि ज्या संहारक अस्त्रांसाठी ते झाले ती सापडलीच नाहीत. हा धडा विसरता येणार नाही.

म्हणून काँग्रेसच्या सभासदांकडून आमच्या तीन अपेक्षा आहेत. त्यांच्या मतावाचून युद्ध होणार नाही, हे त्यांनी कृतीने दाखवावे. समोरच्याला मान्यच होऊ शकणार नाहीत अशा अटी लादून त्यांनी बोलणी हाणून पाडू नयेत. आणि करार झालाच, तर निर्बंध उठविण्यास त्यांनी कायद्याचा आधार द्यावा. २०१५ च्या कराराला तो नव्हता, म्हणूनच एका अध्यक्षाने केलेले दुसऱ्याला एका सहीनिशी मोडता आले. इराणच्या मजलिसलाही आमचे हेच सांगणे आहे. २०२० व २०२५ मध्ये तिने निरीक्षकांची वाट अडविणारे कायदे केले. दारे बंद करून संशय दूर होत नाही, तो दुणावतो.

हा प्रश्न दूर देशीचा म्हणून आपणही स्वस्थ बसू शकत नाही. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्यातील मोठा वाटा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येत आला आहे. आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. रत्नागिरीकडील कित्येक घरांच्या चुली तिकडून येणाऱ्या पैशांवर पेटतात. तेथील ठिणगीची धग येथवर पोहोचते.

साम, दान, भेद आणि दंड ही नीतिशास्त्राची क्रमवारी आहे. दंड शेवटी आहे, आरंभी नाही. कौरवसभेत श्रीकृष्णांची शिष्टाई निष्फळ ठरली, तरी ती केल्यावाचून पांडवांनी शस्त्र उचलले नाही. येथे तर शिष्टाई एकदा सफळ झाल्याचा दाखला अवघ्या जगापुढे आहे. ज्यांच्या हाती मत आहे त्यांनी ते तिच्या पारड्यात टाकावे. युद्धाच्या वार्ता दुरून रम्य वाटतात. त्याचा हिशेब चुकविण्याची पाळी मात्र मत देणाऱ्यांवर नव्हे, त्यांच्या व इतरांच्याही मुलाबाळांवर येते.